निंबाईचा गोड पान्हा

चिखलोलीच्या निंबछाया सोसायटीच्या फाटकापासून सुरू झालेली रांग त्या सकाळी हमरस्त्यावरच्या टायरवाल्याच्या दुकानाला वळसा घालून पलीकडे गेली होती. कुणाच्या हातात पितळी गडू होता, कुणाच्या हातात पाण्याची रिकामी बाटली, आणि एका बाईने तर तान्ह्या मुलाची दुधाची बाटलीच उकळून आणली होती. बदलापूरची माणसे होती, अंबरनाथ पूर्वेच्या इमारतींतली होती, आणि उल्हासनगरहून मोटारीने आलेले एक सिंधी व्यापारी पहारेकऱ्याला पुन्हा पुन्हा विचारत होते, "भाऊ, मशीन पे छिडकने के लिए अलग से मिलेगा क्या? हमारा शिलाई का मशीन रोज बंद पडता है." पहारेकऱ्याने अत्यंत गंभीर चेहऱ्याने त्यांना रांगेचे शेवटचे टोक दाखवले.

रांगेचे पहिले टोक अंगणातल्या जुन्या कडुनिंबापाशी होते. इमारती उठण्यापूर्वी तिथे भातखाचरे होती. त्यांच्या बांधावरचे हे झाड बिल्डरने राखले होते आणि सोसायटीला नावही त्याच्यावरूनच दिले होते. आता त्याच्या बुंध्याला हिरवी काठाची साडी नेसवली होती, वर शेवंतीच्या माळा चढवल्या होत्या, आणि साडीच्या निऱ्यांमधून पांढरी, फेसाळ धार खालच्या पितळी घंगाळात टपटपत होती.

घंगाळाशेजारी, चकचकीत ग्रॅनाइटच्या पारावर, ध्वनिक्षेपक घेऊन धर्मराज उभा होता. हा गृहस्थ मूळचा बागकामाचा कंत्राटदार. सोसायटीची हिरवळ त्याने लावलेली, अंगणातले पेव्हर ब्लॉक त्याने बसवलेले, आणि झाडाला चहूबाजूंनी आवळून बसलेला तो ग्रॅनाइटचा पारही त्याचाच. निंबातून धार फुटली त्या संध्याकाळी सर्वांत आधी त्याने झाडापुढे लोटांगण घातले, आणि उठला तो धर्मराज महाराज होऊनच.

"नाव काय? कडुनिंब! देतो काय? दूध! आता कोणी शहाणा म्हणेल, महाराज, सायंटिफिक सांगा. सांगतो की! झाड काय देतं? ऑक्सिजन. ऑक्सिजन म्हणजे काय? प्राण. आणि प्राण कोण देतं?"

"आई!" रांग गरजली.

"संपलं तुमचं सायन्स! इथून पुढे निंबाई सुरू! आईला पान्हा फुटलाय, पान्हा! आई लेकराला पाजताना माप लावते का? म्हणून सांगतो, मोजायचं नाही. रिपोर्ट नाही, आकडे नाहीत. मोजलं की पान्हा आटला!"

रांगेच्या मध्यावर, हातात झाकणाची स्टीलची वाटी घट्ट धरून उभी असलेली किर्ती हे वाक्य रोज ऐकत असे, आणि तिचे डोळे रोज भरून येत. सोसायटीतच तिसऱ्या मजल्यावर ती राहत होती. गेले वर्षभर तिचे आईपण केवळ मोजमापाचे झाले होते. तिची दहा वर्षांची तेजल एके दिवशी शाळेत चक्कर येऊन पडली, आणि डॉक्टरांनी सांगितले की या मुलीचे शरीर इन्सुलिन तयारच करीत नाही. आता आयुष्यभर रोज चार वेळा सुई. तेव्हापासून भात वाटीने मोजायचा, पोळ्या मोजायच्या, बोटातून रक्ताचा थेंब काढून आकडा मोजायचा, सुईतले औषध मोजायचे. तेजलच्या पोटाची कातडी सुयांनी जागोजागी निबर झाली होती. वाढदिवसाच्या केकचा तुकडा पुढे आला की मुलगी आधी आईच्या चेहऱ्याकडे बघे. अशा बाईला कोणी सांगितले की आईचे प्रेम बिनमापाचे असते, तर ती रांगेत उभी राहणारच.

"ताई, तुमच्या पोरीला काय फरक?" पुढे उभ्या असलेल्या बकुळाबाईंनी वळून विचारले. त्या सोनिवलीहून येत. घरची शेती होती, थोरला राजू मूत्रपिंडे निकामी झाल्याने डायलिसिसवर होता.

"चेहरा उजळलाय, मावशी. आणि राजू?"

"काय सांगू गो. मशिनीवरनं आला का निस्ता लाकडासारका पडतो. महाराज म्हनतात, मशीन आनि निंबाय येका अंगात नाय राहत. येक कायतरी सोड. पोरगा म्हनतो, आये, तू सांगशील तसा करतो." त्यांनी गडू पदराखाली घेतला. "मी काय सांगू त्याला?"

किर्तीने वाटीचे झाकण घट्ट दाबले. सुईबद्दल तिलाही महाराजांनी हेच सांगितले होते.

घरी परतली तेव्हा सासूबाई, मालिनीबाई, दारातच उभ्या होत्या. अंबरनाथच्या महाविद्यालयात त्यांनी हयातभर वनस्पतिशास्त्र शिकवले होते, आणि वर्गातला आवाज निवृत्तीनंतरही खाली उतरला नव्हता.

"आणलंस पुन्हा? मी पहिल्या दिवशीच सांगितलं होतं, तो पान्हा नाही. तो पू आहे."

"आई, देवाच्या झाडाला असं बोलू नका."

"झाडाला नाही बोलत, तुम्हाला बोलतेय! थंडीत त्या धर्मराजाने गटाराच्या लाइनसाठी एका बाजूची सगळी मुळं तोडली. उरलेल्यांवर ब्लॉक बसवले, बुंध्याभोवती ग्रॅनाइट आवळलं, रोषणाईसाठी सालीत खिळे ठोकले. मुळांना हवा नाही, पाणी नाही. जखमेतून जंतू आत शिरले, आतला रस आंबला, त्याचा वायू झाला, आणि वायूच्या दाबाने तो रस साल फोडून बाहेर आला. आजारी झाड आहे ते. मी सोसायटीला सांगितलं, नगरपरिषदेच्या उद्यान विभागाला अर्ज करा, त्यांचा माणूस येऊन फुकट तपासून जाईल. त्याच संध्याकाळी हा झाला महाराज! आता देवीला तपासायचं म्हटलं की तुमच्या भावना दुखावतात."

"तुम्हीच म्हणाला होतात ना, पंधरवड्यात धार आपोआप थांबेल?" किर्तीने वाटी ओट्यावर ठेवली. तिच्या स्वरात वर्षभराचा थकवा होता, आणि त्याहूनही अधिक असे काहीतरी, ज्याला विजय म्हणता आले असते. "महिना झाला. थांबली का?"

मालिनीबाई खिडकीशी गेल्या. खाली रांग अजून संपली नव्हती. 

"तुमच्या पुस्तकात नसेल लिहिलेलं," किर्ती म्हणाली आणि आत गेली.

त्या एका वाक्याने घराचा तोल गेला. मालिनीबाईंचे शास्त्र चुकले. म्हणजे महाराजांचे खरे. अंबरनाथच्या रासायनिक कारखान्यातून पाळी संपवून आलेला यज्ञेश, किर्तीचा नवरा, एवढेच म्हणाला, "करू दे तिला, आई. थोडं मनाला बरं वाटतंय तिच्या." मनाला बरे वाटणे आणि मुलगी बरी असणे या दोन गोष्टी निराळ्या आहेत, हे सांगायला त्या घरात कोणाला धीर झाला नाही.

किर्तीने आधी दुपारची सुई बंद केली. मग सकाळची, मग संध्याकाळची. आता केवळ रात्रीची उरली. रोज ती तेजलला आतल्या खोलीत नेई, दार लोटून घेई, सुई भरी आणि बेसिनमध्ये रिकामी करी. बाहेरून मालिनीबाई विचारत, "टोचलंस?" आतून उत्तर जाई, "हो." तेजल आईकडे बघत राही. मुलीच्या पोटावर नवा व्रण नव्हता, एवढ्यानेच आईचा जीव सुखावे. रक्त तपासायचे यंत्र तिने कपाटावर, सुटकेसच्या मागे सारून ठेवले. मोजायचे नव्हते ना!

तेजलला तहान लागू लागली. तांब्यामागून तांब्या ती पाणी पिऊ लागली. कपडे अंगावर सैल झाले. किर्तीने महाराजांना विचारले, तेव्हा ते प्रसन्न हसले.

"अरे वा! लागू पडलं! जुनं विष पाण्यावाटे बाहेर पडतंय, ताई. डिटॉक्स म्हणतात त्याला. आता घाबरलात तर निंबाई रुसेल. रात्रीची सुई अजून चालू आहे का? तिथंच अडलंय बघा सगळं."

त्या रात्रीची सुईही बेसिनमध्ये गेली, आणि पुढच्या रात्रीचीही.

तिसऱ्या दिवशी सकाळी किर्ती दूध घेऊन वर आली तेव्हा तेजल शाळेला गेली नव्हती. ती खाटेवर भिंतीला टेकून बसली होती. समोर खुर्ची होती, सुटकेस खाली काढलेली होती, आणि मांडीवर यंत्र होते. तिने आईच्या हातातल्या वाटीत बोट बुडवले, एक थेंब पट्टीवर लावला आणि मन लावून पडद्याकडे पाहिले.

"तेजू! काय करतेस हे! मोजायचं नसतं!"

"माझं आधीच मोजलं." मुलीचा आवाज फार लांबून आल्यासारखा होता. "एच-आय आलं. हाय. मग म्हटलं, निंबाईचं बघू." तिने यंत्र वळवून धरले. पडद्यावर आकडा नव्हताच. आकड्यांच्या पलीकडे गेल्यावर उमटतात ती दोन अक्षरे होती. "आई, निंबाईलापण शुगर आहे गं."

किर्तीला हसू आले. खरोखर आले, आणि ते ओठांवरच विरले, कारण तेजलचा श्वास तिच्या चेहऱ्यावर आला. त्या श्वासाला अति पिकून सडू लागलेल्या फळांसारखा वास होता. मुलगी बसल्या जागी धापा टाकत होती, जिने चढून आल्यासारखी. मग तिने आईच्या पदरावर उलटी केली आणि मान टाकली.

अंबरनाथ पूर्वेच्या रुग्णालयात डॉ. सुरुचींनी तिला तपासले, आणि त्यांचा चेहरा पाहून यज्ञेशने न विचारताच तेजलची फाइल पुढे केली. वर्षभर तेजलवर उपचार करणाऱ्या त्याच होत्या.

"इन्सुलिन कधीपासून बंद आहे?" त्यांनी विचारले.

 मालिनीबाईंनी सुनेकडे पाहिले. किर्तीने खाली पाहिले. डॉक्टरांना तेवढे पुरेसे होते.

"रक्तात आम्ल साठलंय. आता मला काही विचारू नका. बाहेर बसा."

त्या बाकावरचा दिवस कसा गेला, हे सांगण्यात अर्थ नाही. जी आई अशा बाकावर बसली आहे तिला ते ठाऊक आहे, आणि जी बसली नाही तिला ते कधी कळू नये. किर्तीने मनातल्या मनात निंबाईला हाक मारून पाहिली.  काचेपलीकडे तिच्या मुलीच्या हाताला नळ्या लावल्या होत्या. बाटलीतून थेंब थेंब पडत होता, आणि प्रत्येक थेंब कोणीतरी मोजत होते. त्या मोजणीवर मुलीचा प्राण टांगलेला होता.

मालिनीबाई तिच्या शेजारी येऊन बसल्या.  आयुष्यभर हुकूम सोडणाऱ्या त्या बाईने सुनेचा गार पडलेला हात आपल्या हातात घेतला.

"मी तुला आत्ता रागावणार नाही. आपल्याजवळ तेवढा वेळ नाही. तिकडे सोसायटीच्या अंगणात अजून रांग आहे. मला एक सांग. ते दूध चवीला कसं होतं?"

"गोड," किर्ती पुटपुटली.

"पहिल्यापासून?"

किर्तीने आठवून पाहिले. "नाही. पहिले दिवस आंबूस-कडवट होतं. तेजू थुंकायची. मग गोड झालं. महाराज म्हणाले, निंबाईचा राग उतरला."

मालिनीबाईंनी डोळे मिटले. "म्हणजे माझं चुकलं नव्हतं. धार थांबली होती, पोरी. कडू होतं ते झाडाचं. गोड झालं ते माणसाचं."

"तेजूने त्याचा थेंब पट्टीवर लावला, तर त्याचंही हाय आलं. पण झाडाच्या रसातही साखर असेल ना?"

"असते, पण ती बहुतेक निराळ्या जातीची. या पट्टीला ती ओळखू येत नाही. पट्टी ओळखते ती ग्लुकोज, दुकानात पुडीत मिळते ती. आता हे सांग, धार दुपारी असते?"

"नाही. आरतीच्या वेळी. घंटा वाजली की सुरू होते. मागून मंद होते."

"घड्याळ बघून दूध देणारं झाड मी तरी वर्गात शिकवलं नाही." त्या ताठ बसल्या. "अर्थात हा संशय झाला. संशय म्हणजे पुरावा नव्हे. पुरावा त्या साडीच्या आत आहे."

दुसऱ्या दिवशी सकाळी डॉ. सुरुची बाहेर आल्या. तेजलने डोळे उघडले होते, पाणी मागितले होते. "आज मी एवढंच म्हणेन की ती आपल्या हाकेच्या अंतरावर परत आली आहे. उद्याचं उद्या सांगेन," त्या म्हणाल्या. "आणि तिने माझ्याकडे तक्रार केली आहे. म्हणते, निंबाईलापण भरती करा."

किर्ती उठली. "आई, तुम्ही तिच्याजवळ थांबा," एवढे सासूला सांगून ती रिक्षात बसली.

ती निंबछायाच्या फाटकात उतरली तेव्हा आरती रंगात आली होती. अंगावर कालचीच साडी, तिच्यावर वाळलेल्या उलटीचे डाग, केस सुटलेले, डोळे लाल. रांगेला न जुमानता ती सरळ आत शिरली.

"ओ मॅडम, लाइन से आओ ना!" कोणीतरी ओरडले. दोन तरुण तिला अडवायला पुढे सरले. इतक्यात पुढच्या ओळीतली एक बाई किंचाळली, "अगं बाई! बघा तिच्याकडे! अंगात आलंय हिच्या! निंबाई आली!"

ते तरुण जागीच थिजले. गर्दी दुभंगली. शुद्धीवर असलेल्या बाईला त्या झाडाला बोट लावू दिले नसते. अंगात आलेल्या बाईला मात्र सर्वांनी वाट करून दिली. कोणी तिच्या पायांवर पाणी घातले, कोणी हळदीची चिमूट उधळली. सोसायटीचे चिटणीस गुरुदत्तकाका, आयुष्यभर सरकारी कचेरीत मोठ्या हुद्द्यावर बसलेला माणूस, हात जोडून पुढे आले आणि कापऱ्या आवाजात म्हणाले, "माते, आपल्या इमारतीचं ओसी, भोगवटा प्रमाणपत्र, कधी मिळेल?"

धर्मराजाचा चेहरा उतरला होता. "देवीला शांत करा, खाली बसवा," तो ध्वनिक्षेपकावर म्हणाला. "सांभाळून, कोणीतरी धरा…"

"देवीला हात लावायचा नाही!" गर्दीतून दरडावणी आली. ते त्यानेच शिकवले होते.

किर्ती पारावर चढली. तिने दोन्ही हातांनी त्या हिरव्या साडीचा काठ पकडला आणि ओढला. माळा तुटल्या, शेवंती विखुरली, साडी घसरून घंगाळात पडली. आतली साल काळी पडून भेगाळली होती, जुन्या रसाच्या वाळलेल्या ओघळांवर माशा बसल्या होत्या. आणि एका भेगेत, मेणाने चिकटवलेली, करंगळीहून बारीक अशी काळी नळी होती. तिच्या तोंडातून पांढरी धार अजून वाहत होती.

"बोल माते, काय हुकूम?" गुरुदत्तकाकांनी पारावर डोके टेकले.

त्या क्षणी किर्ती काहीही बोलली असती तरी ते मानले गेले असते. निंबाईच्या तोंडून 'या ढोंग्याला हाकला' एवढे तिने म्हटले असते, तर जमावाने धर्मराजाला रेल्वेरुळापर्यंत पळवले असते. तो मोह तिच्या जिभेवर आला. मग तिला काचेपलीकडच्या त्या नळ्या आठवल्या.

"डोकं उचला, काका. माझ्या अंगात कोणी आलेलं नाही. मी तिसऱ्या मजल्यावरची किर्ती आहे. तेजलची आई."

गर्दीचा रंग बदलला. "मग साडीला हात कसा लावला?" "उतरवा तिला खाली!" एक नारळ तिच्या खांद्यावर आदळला. ती कळवळली, पण तिने नळी सोडली नाही. ती नळी तिने सालीतून उपसली, आणि धार झाडातून नव्हे, तिच्या मुठीतून उडू लागली. पुढच्या ओळीतल्या चेहऱ्यांवर ते दूध पडले.

"बघा!" ती ओरडली. "आता मला पान्हा फुटलाय! प्या! घ्या वाट्या पुढे!"

कोणी वाटी पुढे केली नाही. गुरुदत्तकाकांनी चष्मा सावरला, नळी बोटांत धरून निरखली. "ही… ही तर आपल्या लॉनची ठिबकची नळी! मीच मंजूर केली होती. टायमरसकट!"

मग कोणाला सांगावे लागले नाही. नळी पाराच्या सांध्यातून ब्लॉकखाली गेली होती, ब्लॉकखालून मीटरच्या खोलीमागे, आणि तिथे 'द्रवखत' असे लिहिलेल्या पिंपात संपली होती. आत पांढरे पाणी होते. बाजूला दुधाच्या भुकटीची पाकिटे, साबणाच्या पाण्याची बाटली फेसासाठी, आणि ग्लुकोजच्या पुड्यांचा ढीग. भिंतीवरचे टायमर आरतीच्या वेळेला लावले होते.

"ऐका, ऐका!" धर्मराज घामाघूम झाला होता. "पहिलं दूध खरं होतं! आईशप्पथ! नंतर आटलं, मी काय करणार? लांबून लांबून लोक येत होते. त्यांची श्रद्धा तुटू नये म्हणून मी फक्त… सपोर्ट दिला."

"माझ्या मुलीला तू ग्लुकोज पाजलंस," किर्ती म्हणाली. तिचा आवाज आता चढलेला नव्हता, आणि म्हणूनच शेवटच्या रांगेपर्यंत गेला. "आणि मी तिची सुई बंद केली. तुझ्या गोड बोलण्यावर विसंबून बंद केली. ते मी पोलिसांपुढेही सांगेन, माझ्यासकट सांगेन. पहिलं दूध खरं होतं म्हणतोस? ते या झाडाच्या जखमेतलं होतं. तू मुळं तोडलीस, ते मरायला लागलं, आणि आम्ही त्याच्या जखमेला वाट्या लावल्या. माझ्या सासूबाई रोज सांगत होत्या. आम्हाला आईचं दूध हवं होतं, म्हणून आम्ही ऐकलं नाही."

धर्मराज फाटकाकडे सरकू लागला, पण मघाच्याच त्या दोन तरुणांनी त्याला त्याच पिंपाशेजारी बसवले आणि पोलिसांना फोन केला.

गुरुदत्तकाका अपराधी मुद्रेने पुढे आले. "किर्ती, आता या झाडाचं करायचं काय?"

"सासूबाई सांगत होत्या तेच. ग्रॅनाइट फोडा. आजच. बुंध्याभोवती निदान दोन हात माती मोकळी ठेवा. खिळे उपटा. चुना नाही, गेरू नाही, तेल-दूध काही ओतायचं नाही. पाणी बुंध्याशी नाही, फांद्यांचा घेर संपतो तिथल्या मातीला द्यायचं. पडलेला पाला जाळू नका, तिथंच पसरा. आणि उद्यान विभागाला अर्ज करा. ते वाचेल की नाही, हे बघणाऱ्याला बघू द्या."

काकांनी मान डोलावली आणि पहारेकऱ्याला पहार आणायला पाठवले.

रांग पांगली. काही माणसे खाली मान घालून गेली, काही अजूनही पुटपुटत होती की बाईने कोप ओढवून घेतला. सिंधी व्यापाऱ्यांनी आपली बाटली कचऱ्याच्या डब्यात टाकली आणि किर्तीला हात जोडले. "बेटी, बच्ची ठीक हो जाए. मशीन का क्या है, मैं मिस्त्री को बुलाता हूँ."

बकुळाबाई तेवढ्या हलल्या नाहीत. रिकामा गडू छातीशी धरून त्या पेव्हर ब्लॉकवर फतकल मारून बसल्या होत्या.

"ताई, आज राजूची मशिनीची पाळी हाय," त्या म्हणाल्या. "मी त्याला सांगून आले, जाऊ नको. आता घरी जाऊन काय सांगू? निंबाय बी नाय. कोन हाय मंग आमाला?"

किर्तीचा खांदा ठणकत होता. तिला रुग्णालयात परतायचे होते. धीराचा एखादा गोड शब्द तिच्याही ओठांवर आला, आणि तिने तो गिळला. या अंगणात गोड शब्द पुरेसे झाले होते.

ती बकुळाबाईंसमोर बसली. "मावशी, राजूला फोन लावा. म्हणावं, आत्ता निघ, मशीन चुकवू नको. तुम्ही माझ्याबरोबर रिक्षात चला. तो येईपर्यंत आपण डॉक्टरांना विचारू, दुसरं मूत्रपिंड बसवता येतं का, सरकारी मदत कुठे मिळते, सगळं."

"बरा करतील त्याला?"

"ते मला ठाऊक नाही," किर्ती म्हणाली. "करतील असं मी तुम्हाला सांगणार नाही. जो न तपासता 'बरा करतो' म्हणतो, त्याच्या दारात पुन्हा उभ्या राहू नका. मीही राहणार नाही. डॉक्टरांना जे येत नाही, ते येत नाही म्हणून सांगतील. आपण विचारलं तर रागावतील, पण उत्तर देतील. खरं उत्तर ऐकलं की माणसाला पुढचं पाऊल तरी टाकता येतं."

बकुळाबाईंनी कमरेचा फोन काढला.  नंबर किर्तीने लावून दिला.

"राजू? ऊठ बाबा. चप्पल घाल," त्या म्हणाल्या. "मशिनीवर जायचा हाय."